पहिली कादंबरी लिहिताना : कल्पनेपासून हस्तलिखितापर्यंत

कथा लिहिता येते म्हणजे कादंबरीही जमेल, या भरवशावर लिहायला बसलेला माणूस बहुतेक वेळा पंधरा हजार शब्दांच्या आसपास अडकतो. तोवर माणसांची ओळख करून देऊन झालेली असते, घर, गल्ली, गाव वर्णून झालेलं असतं आणि पुढे काय घडवायचं हे सुचेनासं होतं. मग नवी पात्रं येतात, कुणाला तरी अपघात होतो, कुणीतरी वीस वर्षांनी परत येतं. पानं वाढतात, पण कादंबरी जागची हलत नाही. कारण कादंबरी घटनांनी वाढत नाही, एका घटनेच्या परिणामांनी वाढते. पुढची सगळी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे.

समजायला सोपं जावं म्हणून एकच कल्पित कादंबरी शेवटपर्यंत हाताशी धरू. काळ 1982 चा, मुंबईतल्या गिरणी संपाचा. लालबागच्या एका चाळीत पार्वती सावंत नावाची बाई गिरणी कामगारांची खानावळ चालवते. अशा खानावळी गिरणगावात खरोखर घरोघर होत्या आणि त्या बहुतांशी बायकाच चालवत.

किती शब्द, किती दिवस

इंग्रजी मार्गदर्शनात कादंबरीसाठी 80-90 हजार शब्द सांगितलेले दिसतात. तो आकडा मराठीला जसाच्या तसा लावू नका. आपल्याकडे विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात. ‘घरासमोरच्यांनासुद्धा’ हा मोजणीत एकच शब्द. त्यामुळे मराठीत 50 ते 60 हजार शब्दांत भरगच्च कादंबरी होते. छापील पानावर साधारण 250-270 शब्द बसतात असं धरलं, तर 60 हजार म्हणजे सव्वादोनशे-अडीचशे पानं. पहिल्या प्रयत्नाला एवढं पुष्कळ आहे.

याची फोड अशी करा : सरासरी दीड हजार शब्दांचे 40 प्रसंग. रोज 400 शब्द, आठवड्यातून पाच दिवस. म्हणजे आठवड्याला दोन हजार आणि तीस आठवड्यांत पहिला खर्डा. सणवार, आजारपण, पाहुणे धरून आठ महिने. सुट्टीच्या दिवशी एकदम पाच हजार शब्द लिहू, हा बेत सहसा टिकत नाही. मधल्या सहा दिवसांत माणसांचे आवाज कानातून निघून जातात आणि अर्धा दिवस मागचं वाचण्यातच जातो.

विषय वेगळा, कादंबरी वेगळी

‘गिरणी संपाने उद्ध्वस्त झालेली माणसं’ हा विषय झाला. यावर लेख लिहिता येईल, कादंबरी नाही. कादंबरीसाठी एका वाक्यात पाच गोष्टी लागतात : कोण, त्याला काय हवंय, आड काय येतंय, मुदत कधीपर्यंत आणि हरलं तर काय जाईल. पार्वतीचं वाक्य असं होईल : संपामुळे जेवणाऱ्यांचे पैसे थकलेत, मुलीची दहावीची परीक्षा मार्च 1983 मध्ये आहे, तोवर खोली आणि चूल टिकवायची तर उधारीवर कुणाला वाढायचं आणि कुणाचं ताट बंद करायचं हे पार्वतीला ठरवावं लागतं, चुकली तर मुलीची शाळा सुटेल आणि गावी परतावं लागेल.

हे वाक्य लिहायला दोन आठवडे लागले तरी हरकत नाही. ते कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवा.

मग किंमत चढते का ते पाहा. आधी पार्वती साठवलेल्या पैशांतून उधारी चालवते. पावसाळ्यात बांगड्या गहाण पडतात. त्यानंतर जेवणाऱ्यांपैकीच एकजण, गणपत, संप मोडून गुपचूप कामावर जायला लागतो आणि थकलेले सगळे पैसे रोख आणून तिच्या पुढ्यात ठेवतो. ते घ्यायचे? घेतले तर बाकीचे त्याच्या पंगतीला बसतील? पैसा, सौभाग्याची खूण, मग माणसांतली पत : प्रत्येक पायरीला आधीपेक्षा महाग काहीतरी पणाला लागतं. तुमच्या कल्पनेत अशा तीन पायऱ्या सापडत नसतील तर ती कथेची कल्पना आहे. तिची कथा लिहा, चांगली होईल.

ऐतिहासिक घटना घेतली की आणखी एक गोष्ट आधीच सोडवावी लागते. हा संप 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि तो अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. हे वाचकाला माहीत आहे, पार्वतीला नाही. म्हणून ‘संप यशस्वी होईल का’ यावर उत्कंठा बांधता येणार नाही. पण ती बाई जेव्हा ‘दिवाळीपर्यंत मिटेल’ म्हणून आणखी एका महिन्याची उधारी देते, तेव्हा वाचकाच्या पोटात जो खड्डा पडतो तो या माहितीमुळेच पडतो.

माणसं उभी करताना

पात्राचा आवडता रंग, उंची, शिक्षण अशी बायोडाटासारखी यादी करण्यात वेळ घालवू नका. त्याऐवजी एक तक्ता करा : कोण कुणाला काय म्हणतं. मराठीत नात्यांची निम्मी गोष्ट संबोधनातच सांगून होते. जेवणारे पार्वतीला ‘वहिनी’ म्हणतात आणि ‘तुम्ही’ लावतात. ती त्यांना नावाने हाक मारते, ‘तू’ म्हणते. नवऱ्याला ‘अहो’. मुलगी तिला ‘आई, तू’. चाळीतल्या बायका ‘सावंतबाई’. हा तक्ता पक्का असला की एक दिवस गणपत ‘वहिनी’ ऐवजी ‘ओ बाई’ म्हणतो, तेवढ्याने भांडण किती दूर गेलंय ते कळतं. ‘त्यांच्या संबंधांत दुरावा आला होता’ हे वाक्य लिहायची गरजच उरत नाही.

तशीच ‘आपण’ आणि ‘आम्ही’ ही जोडी. ऐकणाऱ्याला धरून ‘आपण’, वगळून ‘आम्ही’. मुलगी आईबापांसमोर ‘आपल्या गावाला’ म्हणत आली आणि संपाच्या आठव्या महिन्यात ‘तुमच्या गावाला मी येणार नाही’ म्हणाली, तर ती घरातून मनाने बाहेर पडली. हे फार बारीक काम आहे आणि नवोदितांच्या हातून सर्वांत जास्त निसटतं तेही हेच. खर्डा घाईत लिहिताना एकाच पानावर तीच दोन माणसं एकमेकांना कधी ‘तू’ तर कधी ‘तुम्ही’ म्हणू लागतात.

नावं काळाला धरून असावीत. 1967 च्या सुमारास जन्मलेली मुलगी संगीता, सुनीता, मंगल असेल. आर्या किंवा मायरा नसेल. आणि सुमन, सुनंदा, सुरेश, सुभाष असे चौघे एका घरात ठेवू नका, वाचक गोंधळतो.

चाळीस कागद

पोस्टकार्डाएवढे चाळीस कागद कापा. एका कागदावर एक प्रसंग, चार ओळींत : कोण कुठे आहे, कुणाला त्या क्षणी काय हवंय, काय घडलं आणि त्यामुळे काय बदललं. चौथी ओळ रिकामी राहिली तर तो प्रसंग काढून टाका, तो कितीही रसाळ असला तरी. पंचमीचे झिम्मे, गणपतीची आरास, पावसाचं वर्णन हे सगळं कादंबरीत येऊ शकतं, पण त्या दिवशी काहीतरी बदललं पाहिजे.

मग कागद जमिनीवर ओळीने मांडा आणि दोन कागदांच्या मध्ये मोठ्याने एक शब्द म्हणून पाहा : ‘म्हणून’ किंवा ‘तरीही’. पैसे थकले, म्हणून बांगड्या गहाण. बांगड्या गेल्या, तरीही ताटं वाढली. ओळीने तीन-चार ठिकाणी ‘आणि मग’ एवढंच म्हणता येत असेल, तर तिथेच पुढे तुमची कादंबरी अडकणार आहे. आत्ताच दुरुस्त करा. कागद बदलायला दोन मिनिटं लागतात, पन्नास पानं बदलायला दोन महिने.

पाचव्या-सहाव्या कागदाला परतीची वाट बंद व्हावी : पार्वती सगळ्यांसमोर शब्द देऊन बसते की संप मिटेपर्यंत कुणाचं ताट बंद होणार नाही. विसाव्याच्या सुमारास प्रश्नच बदलावा. तोवर प्रश्न होता ‘पैसे कुठून आणायचे’. गणपतने रोख रक्कम समोर ठेवल्यावर तो होतो ‘कुणाचे पैसे घ्यायचे’. तिसाव्याच्या आसपास सगळ्यात वाईट गोष्ट घडते आणि शेवटच्या चार-पाच कागदांत ती असा निर्णय घेते जो पहिल्या कागदावरच्या पार्वतीने घेतलाच नसता. हे आकडे म्हणजे काही काळ्या दगडावरची रेघ नव्हे, पण मधला पालट विसाव्याऐवजी तिसाव्या कागदावर गेला तर मधली शंभर पानं सैल पडतात.

काळाचा हिशेब

एका वहीत महिन्यावार कालपट करा. 18 जानेवारी 1982 हा सोमवार होता. त्या वर्षाचं जुनं पंचांग किंवा दिनदर्शिका मिळवून गणपती, दिवाळी, होळी नेमक्या तारखांना टाका. 19 नोव्हेंबर ते 4 डिसेंबर दिल्लीत आशियाई खेळ झाले आणि त्याच वर्षी दूरदर्शन रंगीत झालं. चाळीतल्या एकुलत्या टीव्हीसमोर दाटीवाटीने बसलेले, दहा महिने पगार न पाहिलेले कामगार : हा प्रसंग कालपटातूनच सुचतो, नुसतं छताकडे बघून सुचत नाही.

चुका कुठे होतात? 1982 मधल्या पात्राच्या तोंडी ‘सीएसएमटी’ येतं. तेव्हा ते व्हीटी होतं, नाव 1996 मध्ये आणि पुन्हा 2017 मध्ये बदललं. 1950 च्या कादंबरीत ‘पन्नास पैसे’ येतात. दशमान नाणी 1 एप्रिल 1957 पासूनची, त्याआधी सोळा आण्यांचा रुपया आणि पन्नास पैशांना आठ आणे. खानावळीचा महिन्याचा दर, रॉकेलचा भाव अशा गोष्टी अंदाजाने लिहू नका. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या जुन्या ग्रंथालयांत शोधा आणि त्या काळात गिरणीत किंवा खानावळीत राबलेल्या माणसांशी बोला. त्यांना आकडे विचाराच, पण शब्दही टिपा : पाळी, भोंगा, बदली (कायम नसलेला कामगार), साचेखातं (मागांचा विभाग).

तयारीला तीन आठवडे द्या आणि लिहायला लागा. जे सापडलं नाही तिथे ‘@@’ अशी खूण टाकून पुढे जा, नंतर शोधायला सोपं पडतं. संशोधन हे न लिहिण्याचं फार प्रतिष्ठित कारण होऊन बसतं.

कोण सांगतंय

प्रथमपुरुषी निवेदन जवळचं वाटतं, पण मराठीत ‘मी आले’, ‘मी आलो’ म्हटल्याबरोबर स्त्री-पुरुष ठरतं आणि बोलीप्रमाणे तेही बदलतं. कोल्हापूरकडे मुली ‘मी आलो’ म्हणतात, विदर्भात ‘मी आली’ ऐकू येतं. ते रूप घेतलंत तर अडीचशे पानं निभावायची तयारी ठेवा. पहिल्या कादंबरीला तृतीयपुरुषी निवेदन बरं, एकच पथ्य पाळून : एका प्रसंगात एकाच माणसाच्या मनात शिरायचं. ‘तिला वाटलं’ आणि चार ओळींनी ‘त्याला वाटलं’ असं झालं की ताण विरतो.

आता क्रियापदांकडे या. पुढचा उतारा वाचा :

‘पार्वती पहाटे चारला उठायची. स्टोव्ह पेटवायची. पहिल्या पाळीची माणसं यायची, डबे घेऊन जायची. गणपत नेहमी शेवटी यायचा. तो फारसं बोलायचा नाही.’

वाक्यात चूक काहीच नाही, पण हे असं दोन पानं चाललं तर वाचक पुस्तक मिटतो. ‘यायची, जायची, बसायची’ हा रीती भूतकाळ सवय सांगतो आणि सवयीत काही घडत नसतं. दोन-तीन वाक्यांत सवय सांगून एका विशिष्ट दिवशी उतरायचं :

‘पार्वती पहाटे चारला उठायची. पहिल्या पाळीचे डबे पाचच्या आत भरून व्हायचे. त्या मंगळवारी साडेपाच झाले तरी गणपतचा डबा खिळ्यालाच होता. तिने तो काढून उघडला. कालची भाकरी तशीच होती.’

‘त्या मंगळवारी’ या दोन शब्दांपाशी कादंबरी सुरू झाली. खर्डा झाल्यावर ‘यायचा-जायचा’ची सगळी पानं शोधा आणि प्रत्येक ठिकाणी विचारा, यातला मंगळवार कोणता?

पूर्वीची आठवण सांगताना ‘गेला होता, म्हणाला होता, बसली होती’ ही साखळी लांबते. पहिल्या दोन वाक्यांना ‘होता’ लावा, मग साध्या भूतकाळात या. परत येताना समोरची एखादी वस्तू दाखवली की वाचक बरोबर परत येतो.

संवाद

“गणपत, तू गेले सहा महिने माझ्याकडे उधारीवर जेवतो आहेस आणि संपामुळे तुझे पैसे थकले आहेत, हे तुला ठाऊक आहे ना?” हे वाक्य पार्वती गणपतला सांगत नाहीये, लेखक वाचकाला सांगतोय. तेच असं होऊ शकतं :

“वही आणू?”

“नको वहिनी. माहितीये मला.”

“आमटी घे अजून.”

“नको म्हटलं ना.”

उधारीचा आकडा नाही, संपाचं नाव नाही. पण वही कसली हे कळतं, आणि आमटी नाकारण्यात लाजही कळते. दोघांपैकी कुणीही मनातलं थेट बोललं नाही, म्हणून प्रसंग जिवंत राहिला. संवादानंतर ‘म्हणाली’, ‘म्हणाला’ पुरतं. ‘उद्गारली’, ‘पुटपुटला’, ‘खेकसली’ यांची रांग लावू नका.

बोली वापरताना चार-पाच खुणा निवडा आणि त्याच शेवटपर्यंत पाळा. वऱ्हाडी माणसाला ‘काहून’ आणि ‘करून राहिला’, मालवणीला ‘माका’ आणि ‘खंय’ एवढ्यानेही आवाज लागतो. प्रत्येक शब्द उच्चाराबरहुकूम लिहायला गेलात तर बाहेरच्या वाचकाला अडखळायला होतं आणि त्या भागातल्या माणसाला चार चुका सापडतात. ती बोली तुमची नसेल तर बोलणाऱ्या माणसाला संवाद वाचून दाखवाच.

आणखी एक निर्णय पहिल्या पानाआधी घ्या : निवेदनात ‘केले’ की ‘केलं’? दोन्ही चालतं. निवेदन ‘केले’मध्ये आणि संवाद ‘केलं’मध्ये ही जुनी, सोयीची वाटणी आहे. सरमिसळ मात्र चालत नाही, पानापानावर खटकते.

पहिला खर्डा

युनिकोडमध्येच टाइप करा. डीटीपीच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर नंतर बदलताना रफार आणि जोडाक्षरं तुटतात आणि साठ हजार शब्दांत ती हाताने शोधावी लागतात. बोलून टाइप करणार असाल तर त्याच संध्याकाळी वाचून काढा. चार दिवसांनी तुम्हालाच कळत नाही मूळ शब्द काय होता. रोजची प्रत ई-मेलने स्वतःला पाठवा.

मागे जाऊन दुरुस्त्या करू नका. बाराव्या प्रसंगात लक्षात आलं की मुलीला भाऊ असायला हवा, तर वहीत नोंद करा आणि तो पहिल्यापासून होताच असं धरून पुढे लिहा. दिवसाचं लिखाण वाक्य अर्धवट ठेवून थांबवा, दुसऱ्या दिवशी हात लगेच चालतो.

गाडी अडली तर प्रतिभेला दोष देण्याआधी मागचे तीन कागद तपासा. बहुतेक वेळा नायिकेला हवं ते फार सहज मिळालेलं असतं, किंवा दोन प्रसंग तिने स्वतः काहीच केलेलं नसतं, नुसतं सोसलेलं असतं. आपल्याकडे सोसणाऱ्या बाईबद्दल लिहिताना हा धोका फार. पार्वती सोसेल, पण प्रत्येक प्रसंगात तिने काहीतरी ठरवलं पाहिजे, भले ते चुकीचं असो.

पुन्हा लिहिणं

खर्डा महिनाभर कपाटात ठेवा. मग छापून घ्या आणि दुरुस्त्यांचा क्रम मोडू नका. पहिल्या वाचनात फक्त प्रसंग : कोणता काढायचा, कोणता हलवायचा. सुरुवात जवळजवळ नेहमी उशिरा होते. पहिले दोन प्रसंग काढून तिसऱ्यापासून वाचून पाहा. दुसऱ्या वाचनात प्रत्येक प्रसंगाचं तोंड आणि शेवट. तिसऱ्यात वाक्यं, आणि तीही मोठ्याने वाचून. ‘अचानक’, ‘एकदम’, ‘जणू काही’, ‘खरंतर’, ‘तिला जाणवलं की’ हे शोधा. दहातले आठ निघून जातात. एकूण लांबीचा दहावा भाग कमी होऊ द्या. शुद्धलेखन सगळ्यात शेवटी, नाहीतर जे पान उडणार आहे त्याचे ऱ्हस्व-दीर्घ तपासत बसाल.

तीन वाचक निवडा, त्यात घरचा एकच. ‘आवडली का’ विचारू नका. ‘कुठल्या पानावर थांबलात’ आणि ‘कुठलं माणूस ओळखू आलं नाही’ हे विचारा. तिघांपैकी दोघे एकाच पानावर थांबले असतील तर तिथे बिघाड आहे. त्यांनी सुचवलेला उपाय मात्र घ्यायलाच हवा असं नाही.

प्रकाशकाकडे

पाठवताना दीड पानाचा सारांश, शेवटासकट. पहिली तीन प्रकरणं आणि एकूण शब्दसंख्या. शेवट गुपित ठेवून प्रकाशकाची उत्सुकता वाढत नाही. एखादं प्रकरण दिवाळी अंकाला द्यायचं तर पावसाळ्याच्या सुरुवातीलाच पाठवा. लिहिलेल्या मजकुरावर लेखकाचा हक्क आपोआप असतो, नोंदणी सक्तीची नाही. स्वतः छापायचं ठरवलं तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून विनामूल्य मिळतो, त्याचे पैसे कुणाला देऊ नका.

करार लेखीच करा. त्यात मानधन छापील किमतीच्या किती टक्के, आवृत्ती किती प्रतींची, विक्रीचा हिशेब वर्षातून कधी मिळणार आणि प्रती संपल्यावर किती काळात पुनर्मुद्रण न झाल्यास हक्क परत येणार, हे वाचा. अनुवाद, ऑडिओ बुक, मालिका आणि चित्रपट यांचे हक्क ‘सर्व हक्क’ या दोन शब्दांत जाऊ देऊ नका. प्रत्येकासाठी वेगळं कलम लिहून घ्या आणि मगच सही करा.